पाच फुटांचा घाट

दाजी मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेले. पाण्यात उतरायचं ते ऐसपैस दगडी पायऱ्यांवरून. एका बाजूला कुणी धुणं आपटतंय, कुणी अर्घ्य देतंय, कुणी नुसतंच पाण्यात पाय सोडून बसलंय. नदीशी त्यांची ओळख ही अशी. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत काढल्यावर, निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्यांनी आणि माझ्या मावसबहिणीने, ताईने, विस्कॉन्सिन राज्यात एका तळ्याकाठी घर घेतलं, तेव्हा दाजींनी पहिल्या फेरीत ना स्वयंपाकघर पाहिलं, ना झोपायच्या खोल्या. ते थेट मागच्या दाराने बाहेर पडले आणि उतारावरच्या लाकडी पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले. पायऱ्या चार फूट रुंद, कडेने कुजलेल्या. तिसरी तर निखळूनच गेलेली.

‘‘इथे घाट बांधू या,’’ दाजी म्हणाले. ‘‘आठ फुटी. दगडी.’’

मराठीत घाट बांधतात तसा घालतातही. दाजींनी घातलेला घाट आठ फुटांचा होता, बांधून झाला तो पाच फुटांचा. मधले तीन फूट कुठे गेले, याचा हा वृत्तांत. त्यासाठी मी दोन उन्हाळे ताईकडे राहिले, तिच्या फाइलमधला कागद न् कागद वाचला आणि एका सुनावणीला शेवटच्या रांगेत बसून आले.

दुखणं एकट्या पायऱ्यांचं नव्हतं. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत येणारी डांबरी वाट, म्हणजे ड्राइव्हवे, जागोजागी फुगली होती. तिकडे हिवाळ्यात जमीन तीन-चार फूट खोल गोठते. मातीतलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि वरचं डांबर उचलतं. वसंतात तोच बर्फ वितळला की खाली पोकळी राहते आणि गाडीच्या वजनाने डांबर तिच्यात खचतं. वीसेक हिवाळे असे गेल्यावर वाटेचं जे व्हायचं ते झालं होतं. दाजींचा बेत होता की डांबर काढून काँक्रीट करायचं आणि हात लावतोच आहोत तर वाट चार फूट वाढवून दोन गाड्या शेजारी-शेजारी मावतील असं करायचं.

कंत्राटदार आला, फीत टाकली, आकडा सांगितला. परवानगीचं विचारल्यावर म्हणाला, ‘‘ही तर दुरुस्ती. दुरुस्तीला कसली परवानगी?’’

ताईने आयुष्यभर हिशेबाचं काम केलं आहे. ‘ही तर’ने सुरू होणाऱ्या वाक्यावर ती विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने काउंटीच्या झोनिंग कार्यालयाला फोन लावला.

पाण्याची सही

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांहून जास्त तळी आहेत. शहरांच्या हद्दीबाहेर तळ्याकाठी काय बांधायचं आणि काय नाही, हे काउंटी ठरवते, पण राज्याने आखून दिलेल्या चौकटीत. ही चौकट १९६६ सालची. तळ्याच्या काठापासून १,००० फुटांपर्यंतची आणि नदीच्या काठापासून निदान ३०० फुटांपर्यंतची जमीन या नियमांखाली येते. घर पाण्यापासून ७५ फूट मागे हवं. काठालगतच्या ३५ फुटांच्या पट्ट्यात झाडंझुडपं राखायची. तळं दिसावं म्हणून त्या पट्ट्यात फट पाडता येते, पण काठाच्या लांबीच्या ३५ टक्क्यांपर्यंतच. ताईचा काठ १०० फुटांचा, तेव्हा तिच्या वाट्याला ३५ फुटांची खिडकी.

पण फूट मोजायचे कुठून? तळ्याचं पाणी आज इथे, उद्या तिथे.

याचं उत्तर एका जुन्या भांडणात आहे. रॉक नदीकाठच्या दलदलीची जमीन एका शिकारी क्लबाची होती. हस्टिंग नावाचा माणूस होडी घेऊन त्या पाण्यात शिरला आणि शिकार करू लागला. क्लब म्हणाला, आमच्या जमिनीत घुसखोरी. १९१४ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्टिंगच्या बाजूने निकाल दिला. जिथवर होडी चालण्याजोगं पाणी आहे तिथवर लोकांचा हक्क आहे, असं सांगताना त्या पाण्याची सीमा कुठली तेही न्यायालयाने सांगून ठेवलं. पाणी जिथवर इतक्या नेमाने आणि इतका काळ येऊन थांबतं की काठावर त्याची खूण उमटते, ती सीमा.

मे महिन्यातल्या एका सकाळी कार्यालयातली मुलगी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आली तेव्हा ही खूण मी स्वतः पाहिली. तिने यंत्र बाहेर काढण्याआधी डोळ्यांनी काम केलं. एका धोंड्यावर करडा पट्टा होता. पट्ट्याखाली दगड गुळगुळीत, वर खरखरीत. शेजारी मातीला वीतभर उंचीची झीज, आणि झिजेच्या खाली लव्हाळी, वर गवत. ‘‘ही पाण्याची सही,’’ ती म्हणाली आणि तिथे नारिंगी झेंडी खोचली. दाजी एकदम खुश झाले. वाईला पुराच्या खुणा अशाच दाखवतात, फरक इतकाच की त्या पाहून कुणी घराचा नकाशा बदलत नाही.

झेंडीपासून फीत धरली तर जुन्या पायऱ्या सगळ्याच्या सगळ्या ७५ फुटांच्या आत होत्या. तिथे खरं तर काहीच बांधता येत नाही. मात्र काही गोष्टींना सूट आहे आणि तीत पायऱ्या येतात. माणसाला पाण्यापर्यंत पोचता यायला हवं, एवढं नियमाला मान्य आहे. रुंदीची मर्यादा ६० इंच. म्हणजे पाच फूट.

वाट आणि टँकर

वाटेचा हिशेब वेगळा निघाला. इथे मुद्दा अंतराचा नाही, पाणी न मुरणाऱ्या जमिनीचा. छप्पर, डांबर, काँक्रीट, फरशी, जिथून पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं ते सगळं एकत्र धरायचं. ही बेरीज प्लॉटच्या १५ टक्क्यांच्या आत असली तर प्रश्न नाही. त्याच्या वर गेलात तर ३० टक्क्यांपर्यंत मुभा मिळू शकते, पण भरपाई म्हणून तळ्याच्या भल्याचं काहीतरी करून द्यावं लागतं.

ताईने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. प्लॉट २०,००० चौरस फुटांचा. घराचं छप्पर १,८५०, गॅरेज ६२०, वाट ८० फूट लांब आणि १२ फूट रुंद म्हणजे ९६०, मागची फरसबंदी २७०. एकूण ३,७००. साडेअठरा टक्के. हे आधीपासूनचं आहे, म्हणून ते राहू देतात. आहे त्या मापात डांबर उखडून काँक्रीट करा, कुणी अडवणार नाही. पण वाट चार फुटांनी वाढली की ३२० चौरस फूट वाढतात आणि आकडा २० टक्क्यांवर जातो.

‘‘दीड टक्का!’’ दाजी म्हणाले. ‘‘दीड टक्क्याने तळं बुडणार आहे का?’’

मी दुसरा हिशेब केला. एक इंच पाऊस पडला, म्हणजे आपल्याकडची एक बऱ्यापैकी सर, तर ३,७०० चौरस फुटांवर सुमारे ८,७०० लिटर पाणी पडतं. जवळजवळ एक टँकर. हा टँकर कोणी उतारावरून एकदम तळ्यात ओतला तर आपण ओरडू. पाऊस तोच टँकर हळूहळू ओततो म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय त्या पाण्याबरोबर माती, कुजलेला पाला, गाडीतून गळलेलं तेल, सगळं जातं. मातीत आणि पाल्यात फॉस्फरस असतो. तिकडचे तळ्याचे अभ्यासक एक पाढा सगळ्यांना पाठ करायला लावतात. एका पौंड फॉस्फरसवर ५०० पौंडांपर्यंत शेवाळ पोसतं. मॅडिसन शहर ज्या काउंटीत आहे, त्या डेन काउंटीने २००५ सालीच हिरवळीला घालायच्या खतातल्या फॉस्फरसवर निर्बंध आणले. २०१० पासून ते राज्यभर लागू झाले.

तोडगा ताईला नियमातच सापडला. ज्या फरशीचं पाणी तळ्याकडे न जाता जमिनीत मुरवलं जातं, ती फरशी बेरजेतून वगळता येते. वाटेला एका अंगाला थोडा ढाळ द्यायचा आणि तिथे खोलगट वाफा करून त्यात तिथलीच झाडं लावायची. आता त्या वाफ्यात मिल्कवीड आहे, आपल्या रुईच्या कुळातलं. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. मोनार्क फुलपाखरं त्यावरच अंडी घालतात. शनिवारी मारुतीला रुईची माळ वाहणाऱ्या घरातली ताई आता अमेरिकेत पदराला खार लावून रुईची भावंडं वाढवते आहे. पाऊस पडला की वाफ्यात तळहाताएवढं तळं साचतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुरून जातं. वाट चार फूट वाढली, परवाना मिळाला.

आठ फुटी घाट मात्र राहिला.

गुडघा मोजत नाहीत

पाच फुटांपेक्षा रुंद पायऱ्या हव्या तर नियमातून सुटका मागायची. त्यासाठी काउंटीचं वेगळं मंडळ असतं, बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. काम अर्धन्यायालयीन. वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, शेजाऱ्यांना पत्रं जातात, सांगायचं ते शपथेवर सांगायचं. मंडळाच्या सदस्याला बाहेर गाठून ‘जरा बघा ना’ म्हणायची सोय नाही. ताई म्हणत होती, सोडून द्या. दाजी हट्टाला पेटले होते.

सुनावणीच्या आधी मी जुने निकाल वाचत बसले. या राज्यात तळ्याकाठच्या पोर्च, डेक आणि माळ्यांवरून न्यायालयं किती झिजली आहेत, ते पाहून थक्क व्हायला होतं. १९७६ साली वॉकेशा काउंटीतल्या एका घरमालकाने पोर्च बांधून मग सूट मागितली. न्यायालय म्हणालं, स्वतः ओढवून घेतलेली अडचण ही अडचण धरता येत नाही. १९९८ साली केनोशा काउंटीत ७५ फुटांच्या आत डेक हवा होता. न्यायालयाने आणखी कडक कसोटी लावली. सूट दिल्याशिवाय जागेचा वाजवी वापरच होत नसेल, तरच सूट. २००४ साली बिग सीडर तळ्याकाठच्या घराचा खटला आला. घर पाण्यापासून २६ फुटांवर आणि मालकांना वर आणखी दहा फूट चढवायचे होते. तेव्हा न्यायालयाने दोर थोडा सैल केला. माप-अंतराची सूट मागताना नियम विनाकारण जाचक ठरतो आहे एवढं दाखवलं तरी विचार व्हावा, असं ठरलं.

पण तीन प्रश्न तेव्हाही राहिले, आजही आहेत. नियमाने खरोखर जाच होतो का? तो जाच तुमच्या जमिनीच्या घडणीमुळे आहे का? आणि सूट दिल्याने लोकांच्या हिताला बाध येत नाही ना?

सुनावणी काउंटीच्या इमारतीतल्या एका साध्या खोलीत होती. टेबलामागे मंडळाचे सदस्य, समोर घडीच्या खुर्च्या. दाजींनी वाईच्या घाटाचे फोटो मोठे करून आणले होते. ते छान बोलले. संध्याकाळी घाटावर तीन पिढ्या कशा बसतात, ते सांगितलं. मग डावा गुडघा शस्त्रक्रियेचा आहे, कुणी शेजारी हात धरून उतरलं तर बरं पडतं, म्हणून रुंदी हवी, हेही सांगितलं.

एका सदस्याने फोटो नीट पाहिले. ‘सुंदर आहे,’ म्हणाला. मग विचारलं, ‘‘पाच फुटांच्या पायऱ्यांवरून तळ्यापर्यंत पोचता येईल?’’

‘‘येईल,’’ दाजी म्हणाले. शपथेवर होते.

‘‘हात धरून दोघांना उतरता येईल?’’

दाजी क्षणभर थांबले. ‘‘येईल.’’

पुढे फारसं काही उरलं नाही. अध्यक्षांनी शांतपणे समजावलं. आम्ही जमिनीकडे पाहतो, माणसाकडे नाही. उतार अवघड असता, मध्ये कडा असता, तर गोष्ट वेगळी होती. गुडघा आज तुमचा आहे, उद्या घर विकलं तरी पायऱ्या तिथेच राहणार. अपंगत्व असेल तर त्यासाठी सवलतीची वेगळी वाट आहे, तो अर्ज करा. दाजींना तो करायचा नव्हता. रोज तीन मैल चालणारा माणूस तसला अर्ज कशाला करेल? मत घेतलं गेलं. एकमताने नकार. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत न्यायालयात जाता येतं, हेही सांगितलं.

परतताना गाडीत दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मला खोटं बोलता आलं असतं.’’ ताई म्हणाली, ‘‘नसतं आलं.’’

दाजींची बाजू

नकार पचवला तरी दाजींचा एक प्रश्न मला सोडत नव्हता. मॅडिसनच्या तळ्यांत येणारा बहुतांश फॉस्फरस शेतांमधून येतो, शेणखत आणि रासायनिक खतांतून. काठावरच्या झोनिंगला त्या शेतांना विचारण्याची सोय नाही. ‘‘गायींच्या गोठ्याला हे झोनिंगवाले विचारत नाहीत आणि माझ्या तीन फुटांना विचारतात,’’ दाजी म्हणाले. मुद्दा रास्त आहे. काठावरचा घरमालक हाताशी सापडतो, म्हणून नियमाचा पहिला हात त्याच्यावर पडतो.

हाच राग मोठा होत वॉशिंग्टनपर्यंतही गेला आहे. सेंट क्रॉय नदीकाठी मर कुटुंबाचे एकमेकांना लागून दोन प्लॉट होते. आईवडिलांनी १९६०च्या दशकात घेतलेले, एकावर जुनं केबिन. ते नीट करण्यासाठी दुसरा प्लॉट विकून पैसे उभे करायचं भावंडांच्या मनात होतं. पण नियमानुसार मालक एकच असलेले लगतचे छोटे प्लॉट सुटे विकता येत नव्हते. काउंटीच्या मंडळाने सूट नाकारली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७च्या जूनमध्ये भावंडं ५ विरुद्ध ३ मतांनी हरली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने कायदा बदलून असे प्लॉट सुटे विकायची मुभा दिली. न्यायालयात गेलेलं विधिमंडळात परत मिळालं.

त्याआधी, २०१५ साली, राज्याने काउंट्यांचे हातही बांधले होते. या मापांच्या बाबतीत राज्यापेक्षा कडक नियम काउंटीने करायचे नाहीत. जुनं बांधकाम आहे त्याच मापात सांभाळायला, दुरुस्त करायला, बदलायला, पुन्हा उभारायला परवानगी मागायची नाही. म्हणजे कंत्राटदार अर्धा खरा होता. दुरुस्तीला परवानगी लागत नाही. पण चारचे आठ फूट झाले की ती दुरुस्ती राहत नाही. आपण ‘डागडुजी’ म्हणून जे सुरू करतो, त्यात एक खोली, एक बाल्कनी, एक पत्र्याची शेड अशी चोरपावलाने वाढते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग पारडं कुठे झुकवायचं? मला याचं सर्वांत सरळ उत्तर १९७२च्या एका निकालात सापडलं. मॅरिनेट काउंटीतल्या नोकेबे तळ्याकाठी जस्ट दांपत्याची जमीन होती, तिचा काही भाग दलदलीचा. त्यांनी परवाना न घेता तिथे वाळूचा भराव टाकला. आमची जमीन, आमची वाळू, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. जमिनीची मूळ घडण बदलून इतरांना अपाय होईल असा वापर करायचा निरंकुश हक्क मालकीत येत नाही, असं ते म्हणालं. तळ्याचं पाणी राज्याने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचं, हे विस्कॉन्सिनच्या १८४८च्या राज्यघटनेतून आलेलं तत्त्व त्यामागे होतं. दाजींच्या नावावर जमीन आहे, तळं नाही. आणि आठ फुटी घाट जमिनीवर बांधायचा असला तरी त्याचं पाणी तळ्यात उतरणार होतं.

पवईची वाट

या सगळ्यात मला सारखी पवई आठवत होती. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी इंग्रजांनी १८९१च्या सुमारास बांधलेलं हे तळं. त्याच्या काठाने मुंबई महापालिकेने सायकल आणि पायी फिरण्यासाठी मार्ग बांधायला घेतला. म्हणायला लोकांच्या सोयीची वाट, दाजींच्या ड्राइव्हवेची थोरली बहीण. २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांनुसार, सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत होडीच्या धक्क्याखेरीज पक्कं बांधकाम करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो मार्ग बेकायदा ठरवला आणि काढून टाकून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

निकाल योग्यच होता, पण तो आला काम सुरू झाल्यावर. भराव पडला होता, पैसा गेला होता, आणि प्रश्न विचारायला नागरिकांना उच्च न्यायालयाचा उंबरठा चढावा लागला. विस्कॉन्सिनच्या त्या खोलीत मला आवडलं ते एवढंच की प्रश्न पहिला दगड बसायच्या आधी विचारला गेला. अर्जदाराने फोटो दाखवले, शेजाऱ्यांना बोलायची संधी मिळाली, नकाराची कारणं लेखी दिली गेली. गायींचा हिशेब तिथेही अपुरा आहे. पण माणसाचा हिशेब वेळेवर होतो.

दाजींचा घाट गेल्या ऑगस्टमध्ये पुरा झाला. करड्या दगडाच्या बावीस पायऱ्या, पाच फूट रुंद, दोन्ही अंगांना लव्हाळी आणि गवत राखलेलं. काम चालू असताना माती तळ्यात जाऊ नये म्हणून उताराच्या पायथ्याशी काळं कापड ताणून उभं केलं होतं. ते काढलं तेव्हा त्याच्यामागे घमेलंभर गाळ साचलेला होता. ताई आणि दाजी संध्याकाळी शेवटच्या पायरीवर बसतात. दोघं मावतात. तिसरं कुणी आलं तर एक पायरी वर बसतं.

हा अंक हातात घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण पानशेत, पवना, मुळशीच्या पाण्याकाठी जागा शोधत असतील, किंवा घेतलेल्या जागेवर ‘थोडीशी दुरुस्ती’ काढणार असतील. त्यांना एवढंच सांगणं: इसार देण्याआधी पाण्याची रेघ कुठे आहे ते कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. कंत्राटदाराला विचारू नका. त्याला फक्त माप वाढवायचं असतं.